मावशी, तुझा ब्राउझर म्हातारा झाला!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मुलांचे अंतर्गत गुण संगणकावर भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि माझ्यापुढे एकशेबारा नावे रांगेत उभी होती. नावापुढे आकडा टाकायचा, 'जतन करा'वर टिचकी मारायची, की पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरू लागे. ते फिरते आहे तोवर मी स्वयंपाकघरात जाऊन आमटीला फोडणी देऊन येई. परत येऊन पाहावे तर चक्राची प्रदक्षिणा चालूच! रात्री अकराच्या सुमारास पहिल्या वर्षाचा वर्ग संपत आला, आणि नेमके तेव्हाच त्या पानाने मला कळवले, की बराच वेळ माझी काही हालचाल न दिसल्यामुळे मला बाहेर काढण्यात आले आहे. माझी हालचाल!

माझ्या बहिणीचा मुलगा सुटीला आला होता. पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्या दिवसापासून आंब्याच्या पेटीशी त्याचा जो स्नेह जुळला होता, तो क्षणभर बाजूला ठेवून, हात पुसत तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"मावशी, ऊठ बघू. मला बसू दे."

त्याने कुठलेसे एक पान उघडले आणि एक बटण दाबले. त्याबरोबर पडद्यावर कामांच्या याद्या भराभर उमटू लागल्या. कोणी हात न लावता त्यांच्यापुढे खुणा होत, लगेच त्या पुसल्या जात, पुन्हा नव्या याद्या येत. दोन-तीन मिनिटे हा भुताटकीचा खेळ चालला आणि मग मोटारीच्या तबकडीसारखी एक तबकडी येऊन तिच्यावरचा काटा स्थिर झाला. खाली आकडा होता ४.६.

"हे काय?"

"तुझे गुण."

"कितीपैकी?"

तो हसला. "कितीपैकी असं नसतं गं मावशी. जितका आकडा मोठा तितका वेग जास्त. हे माझं बघ." त्याने आपला लॅपटॉप आणून तोच खेळ केला. काटा बावीसच्या पुढे गेला. "तुझा ब्राउझर म्हातारा झालाय. आणि नुसता ब्राउझरच नाही, सगळं यंत्रच. नवीन घे. पन्नास-पंचावन्न हजारांत छान येईल."

अठरा वर्षे मी दुसऱ्यांना आकडे देत आले आहे; आपल्याला कोणी आकडा दिला म्हणजे छातीत कसे होते, ते मला त्या रात्री कळले. साडेचार आणि बावीस! यावर वाद तो काय घालायचा? ह्यांनी बँकेचे पुस्तक काढले. पैसे होते, नव्हते असे नाही. पण ते सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी बाजूला ठेवलेले होते. सासूबाई आतल्या खोलीतून सगळे ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माझा डोळा काय पळून जातोय? दिवाळीनंतर बघू. आधी तुझं यंत्र आण. कामाची खोटी नको."

त्यांच्या या समजूतदारपणानेच माझी झोप उडाली म्हणा ना. पहाटे साडेपाचला उठून बसले आणि चहाचे आधण ठेवता ठेवता सहज ते गुणांचे पान उघडले. आकडा टाकला, टिचकी मारली. चक्र फिरलेच नाही! म्हणजे फिरले असेल, पण मला दिसण्याइतके नाही. सात वाजायच्या आत दुसऱ्या वर्षाचा सगळा वर्ग संपला. यंत्र तेच, ब्राउझर तोच, त्याचे गुण तेच साडेचार!

भाचा उठल्यावर त्याला हे सांगितले. आमचे चिरंजीव हुशार आहेत आणि हुशारीहून दुर्मिळ असा प्रामाणिकपणाही त्यांच्यापाशी आहे. तो म्हणाला, "मग मोजूनच बघू." त्या रात्री नऊ वाजता आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. वाय-फाय एकच, पान एकच, हातात मोबाईलचे घड्याळ. इतर सगळे टॅब बंद केले. प्रत्येक यंत्रावर पाच-पाच वेळा मोजले आणि त्यांतला मधला आकडा धरला; कारण एखादी खेप उगाच लांबते, एखादी नशिबाने लवकर संपते. पहिली खेप वेगळी लिहिली. एकदा उघडलेल्या पानाची चित्रे वगैरे सामग्री ब्राउझर घरातच राखून ठेवतो. दुसऱ्या खेपेला ती पुन्हा बाहेरून आणावी लागत नाही, म्हणून पहिली खेप आणि नंतरच्या खेपा यांची बेरीज करणे बरोबर नव्हे. हे त्याने मला शिकवले. मधला आकडा घ्यावा हे मी त्याला शिकवले. पेपर तपासणाऱ्याला ते अनुभवाने कळते.

निकाल असा लागला. रात्री नऊ वाजता माझे यंत्र एकवीस सेकंद, त्याचे एकोणीस. दुसऱ्या दिवशी पहाटे माझे तीन, त्याचे दोन. म्हणजे रात्रीच्या एकवीस सेकंदांतले अठरा सेकंद माझ्या घरात खर्च होतच नव्हते. ते खर्च होत होते पलीकडच्या टोकाला, सर्व्हर नावाच्या खिडकीपाशी, जिथे शेवटच्या दोन दिवसांत शेकडो मास्तर आणि मास्तरणी एकाच वेळी आपापले गठ्ठे घेऊन उभ्या होत्या. पंचावन्न हजार मोजून मी त्या रांगेत फक्त दोन सेकंद पुढे सरकले असते.

मग तो साडेचार आणि बावीसचा हिशेब खोटा होता का? नाही, तो खोटा नव्हता. पण तो कसला हिशेब होता हे आम्ही विचारलेच नव्हते. पुढे महिनाभर मी या विषयाचे मिळेल ते वाचले. यंत्रशास्त्रात माझी धाव पाट्या-वरवंट्यापासून मिक्सरपर्यंतच. पण परीक्षा हा विषय माझा आहे, आणि ब्राउझरांच्या या बेंचमार्क नावाच्या कसोट्या म्हणजे निखळ परीक्षाच निघाल्या. प्रश्नपत्रिका, अपेक्षित प्रश्न, घोकंपट्टी, फेरतपासणी, सगळे काही आहे.

आधी थोडे मागचे. संकेतस्थळावरून आपल्याकडे जे पान येते ते चित्रासारखे तयार येत नाही. मजकूर येतो, तो कसा मांडायचा याच्या सूचना येतात, आणि शिवाय 'अमुक बटण दाबले तर तमुक कर' असे सांगणारा कार्यक्रम येतो. हा कार्यक्रम जावास्क्रिप्ट या भाषेत असतो. नेटस्केप कंपनीत असताना ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. त्या वेळी तिच्याकडून अपेक्षा बेताचीच होती. ब्राउझर तिच्यातली वाक्ये एकेक करून वाची आणि त्याप्रमाणे वागे. एखादा दुभाष्या वक्त्याच्या शेजारी उभा राहून वाक्यावाक्याला थांबत भाषांतर सांगतो ना, तसे. दोन वाक्यांचे स्वागतपर भाषण असेल तर हे चालते. परंतु २००४ साली जीमेल आले, २००५ साली गूगलचे नकाशे आले, आणि दोन वाक्यांची जागा अखंड कीर्तनाने घेतली. दुभाष्या धापा टाकू लागला.

तेव्हा ब्राउझर करणाऱ्यांनी ठरवले, की जो भाग पुन्हा पुन्हा येतो त्याचे यंत्राच्या भाषेत एकदाच भाषांतर करून ठेवावे. पण कोणाचे भाषांतर अधिक वेगाचे, हे ठरवायचे कसे? सफारीच्या मागे जे वेबकिट नावाचे इंजिन आहे त्याच्या मंडळींनी २००७ च्या डिसेंबरात 'सनस्पायडर' नावाची परीक्षा काढली. तीत २६ छोटे प्रश्न होते: तारखा मांडा, अक्षरे शोधा, एखादे त्रिमिती चित्र गणिताने रंगवा. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने क्रोम बाहेर आणला. त्याचे व्ही-८ हे इंजिन लार्स बाक यांच्या हाताखाली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे तयार झाले होते, आणि त्याच्याबरोबर व्ही-८ चीच एक वेगळी परीक्षाही आली. खेळाडूने मैदानात उतरताना आपला पंचही बरोबर आणावा तसे! २०१० साली फायरफॉक्सवाल्या मोझिलाने 'क्रॅकन' काढली. आता तीन शाळांच्या तीन परीक्षा झाल्या, आणि आपापल्या शाळेच्या परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

जाहिरातींनाही ऊत आला होता. २०१० च्या मे महिन्यात गूगलने एक चित्रफीत काढली. तीत एक बटाटा तोफेतून उडवून जाळीतून आरपार काढला आहे, त्याच्या काड्या होतात न होतात तोच शेजारच्या पडद्यावर क्रोमने बटाट्याच्या पाककृतींचे पान उघडलेले दिसते. सेकंदाला २७०० चित्रे टिपणारा कॅमेरा त्यासाठी वापरला होता. ऑपेरा या नॉर्वेतल्या ब्राउझरच्या लोकांनी लगेच त्याची नक्कल केली: दोन इसम पातेल्यात बटाटे उकडत बसले आहेत आणि त्याच्याशी ऑपेराच्या वेगाची तुलना चालली आहे! मला विचाराल तर या सगळ्या वर्षांतली सर्वांत शहाणी टीका ती.

पण खरी गंमत झाली त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची नववी आवृत्ती तयार होत होती आणि तिचे नमुने लोकांना तपासायला दिले होते. मोझिलातील रॉब सेयर यांच्या ध्यानात आले, की सनस्पायडरमधल्या 'मॅथ-कॉर्डिक' या एका प्रश्नात हा नमुना इतरांच्या मानाने विलक्षणच वेगवान आहे. त्या प्रश्नात कोनांचे गणित हजारो वेळा करायला सांगितले आहे; उत्तर मात्र शेवटी कुठेच मागितलेले नाही. सेयर यांनी त्या प्रश्नात एक निरर्थक शब्द घातला. त्याने गणितात काडीचाही फरक पडत नव्हता. कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहावे, तितकेच. आणि एक मिलिसेकंदात सुटणाऱ्या गणिताला वीस मिलिसेकंदांच्या घरात वेळ लागू लागला!

उलगडा असा. ब्राउझरने ओळखले होते, की या गणिताचे उत्तर कोणाला नको आहे. मग ते करा कशाला? त्याने गणित गाळूनच टाकले. 'श्री' दिसताच त्याला आपला प्रश्न ओळखू येईना, आणि तो निमूटपणे सगळी गणिते करीत बसला. कोणी म्हणाले, ही कॉपी आहे. मायक्रोसॉफ्टचे म्हणणे असे, की वापरात नसलेला भाग गाळणे हे भाषांतरकाराचे रास्त कौशल्यच आहे, ते अजून अर्धेकच्चे आहे एवढेच. दोन्ही बाजू ऐकून मला माझ्या एका विद्यार्थ्याची आठवण झाली. त्याने 'नदीचे आत्मवृत्त' उत्तम पाठ केले होते. परीक्षेत आले 'वडाच्या झाडाचे आत्मवृत्त'. त्याने पहिल्या चार ओळींत वडाला नदीकाठी उभे केले आणि पुढची दोन पाने वडाच्या तोंडून नदीच वदवली. मी त्याला नापास केले नाही. पण त्याला मराठी येते, असेही मी शपथेवर सांगणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीतही माझे मत तेच आहे, आणि अर्धा दोष प्रश्नपत्रिका काढणाराचा आहे: उत्तर न मागता गणित घालू नये.

याहून पुढचे पाऊल मोबाईलवाल्यांनी टाकले. २०१३ च्या जुलैत आनंदटेक या तेव्हाच्या जाणत्या नियतकालिकाने दाखवून दिले, की सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-४ च्या एका आवृत्तीतील चित्रे रंगवणारा भाग ५३२ मेगाहर्ट्झ वेगाने धावतो तो ठरावीक कसोट्यांपुरताच. एरवीच्या खेळांत त्याची मजल ४८० पर्यंत. त्या कसोट्यांची नावेच आत लिहून ठेवलेली सापडली. कंपनीने आरोप नाकारला. पण निरीक्षक येणार त्या दिवशी भिंतींना चुना लावणारी शाळा आपण पाहिलेली आहे. तेव्हा या प्रकाराची फोड करून सांगायला नको.

एवढे वाचून मी कसोट्यांवर पुरती फुली मारणार होते. भाच्याने अडवले. "मावशी, पण त्या नसत्या तर आजचा वेग आला असता का?" आणि ते खरे आहे. २००८ पासूनच्या चार-पाच वर्षांत या शर्यतीच्या ईर्ष्येने प्रत्येक ब्राउझर अनेक पटींनी वेगवान झाला. आज आपण ब्राउझरमध्ये पत्रे लिहितो, हिशेब मांडतो, परगावच्या नातवाला डोळ्यांनी पाहतो, ते त्या घोकंपट्टीचेच फळ. शिवाय कसोटीचा खरा उपयोग कारागिराला होतो. काल केलेल्या दुरुस्तीने आज वेग घटला तर नाही ना, हे त्याला रोज पाहावे लागते. मोझिलाने त्यासाठी अनेक वर्षे एक फलकच ठेवला होता. त्याचे नाव 'आपण अजून वेगवान झालो का?' या अर्थाचे. एस.टी.त बसल्यापासून 'आलं का गाव?' विचारणाऱ्या पोरासारखे मला ते वाटले.

कारागीरच पुढे परीक्षेला कंटाळले, हे विशेष. गूगलने २०१२ साली 'ऑक्टेन' नावाची मोठी कसोटी काढली होती आणि २०१७ च्या एप्रिलात स्वतःच ती निवृत्त केली. कारणे त्यांनी मोकळेपणाने सांगितली. सगळ्यांचे गुण इतके वाढले होते, की आणखी दोन गुणांसाठी केलेल्या धडपडीचा खऱ्या पानांना काही लाभ होईना. फेसबुक, विकिपीडिया यांसारखी खरी पाने उघडताना इंजिनाला जी कामे पडतात ती ऑक्टेनमध्ये पडतच नव्हती. एक उदाहरण तर चटका लावणारे आहे: ऑक्टेनमधल्या एका प्रश्नात मुळातच एक चूक होती, आणि त्या चुकीला जुळवून घेतले की गुण सुमारे १५ टक्क्यांनी वाढत, बाहेरच्या जगात त्याचा उपयोग शून्य. छापखान्याची चूक पाठ करणाऱ्याला अधिक गुण! आमच्या क्षेत्रातल्या किती परीक्षा अशा उघडपणे निवृत्त झाल्या आहेत, याचा विचार मनात येतो. पण तो विषय वेगळा.

आता भाच्याने माझ्यावर लावलेली कसोटी. तिचे नाव 'स्पीडोमीटर'. २०१४ साली तीही वेबकिटच्या मंडळींनीच काढली. मात्र तिची धाटणी निराळी. सुटी गणिते न घालता ती एक लहानसे रोजचे काम करून घेते: कामांची यादी लिहा, खुणा करा, पुसा. ११ मार्च २०२४ रोजी तिची तिसरी आवृत्ती आली तेव्हा ॲपल, गूगल, मोझिला आणि मायक्रोसॉफ्ट अशा चौघांचा तिला हात लागलेला होता. आता तीत बातम्यांची पाने आहेत, आलेख आहेत, मजकूर लिहिण्याची पाटी आहे. मोठा बदल करायचा तर त्याला सर्वांची संमती लागते. एकमेकांच्या पोटावर पाय देणारे हे सावकार एका प्रश्नपत्रिकेवर सह्या करतात, हे लहानसहान नव्हे.

म्हणजे माझे ४.६ गुण एका बऱ्या परीक्षेतले होते. त्या परीक्षेत मात्र परगावाहून काही मागवावे लागत नाही. सगळे सामान ओट्यावर मांडलेले. पदार्थ किती भरभर होतो एवढेच मोजायचे. आणि माझ्या घरी तर वाण्याकडून सामान येण्याचीच खोटी होती! पान नुसते आणायचे म्हटले तरी आजकालच्या सर्वसाधारण पानाचे ओझे दोन मेगाबाइटांहून जास्त असते, आणि ते एकाच दुकानातून येत नाही. जाहिराती एकीकडून, चित्रे दुसरीकडून, आपल्यावर पाळत ठेवणारी भुते तिसरीकडून.

ब्राउझर तेवढा बदलून पाहावा, असाही प्रयोग आम्ही केला. माझ्याकडे क्रोम होता; भाच्याने एज घालून पाहिला. ४.६ चे ४.७ झाले. मग त्यालाच हसू आले. २०२० च्या जानेवारीपासून मायक्रोसॉफ्टचा एज आणि गूगलचा क्रोम आतून एकाच इंजिनावर चालतात. ऑपेराही २०१३ पासून त्याच कुळातला. टांगे निराळे, घोडा एकच. फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट ही काय ती उरलेली दोन मोठी घराणी. आपल्याकडच्या आयफोनवर तर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत सफारीचेच वेबकिट असते. परक्या इंजिनाला ॲपलने पहिल्यांदा दार उघडले ते २०२४ साली, आणि तेही त्या वेळी युरोपीय संघापुरते. कोणता ब्राउझर वेगवान म्हणून घराघरांत वाद होतात तेव्हा पुष्कळदा दोन्ही पक्ष एकाच घोड्यावर पैसे लावून बसलेले असतात.

माझे यंत्र निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. नकाशाचे पान त्याच्याकडे तीन सेकंदांत मांडून होई, माझ्याकडे नऊ लागत. तिथे घरातल्याच स्वयंपाक्याचा हात जड होता आणि स्पीडोमीटरने ते बरोबर ओळखले होते. भाच्याने आत डोकावून पाहिले. कधीकाळी कोणीतरी बसवून दिलेली चार एक्स्टेन्शने ब्राउझरमध्ये फुकटची बसून होती. त्यांतली तीन हाकलली. सत्तावीस टॅब उघडे होते. ("मावशी, हा दोन वर्षांपूर्वीचा दिवाळी फराळाचा आहे!") शेजारच्या दुरुस्तीवाल्याकडून रॅम दुप्पट करून घेतली, त्याला तीनेक हजार पडले. नकाशाचे नऊ सेकंद पाचावर आले. पाच सेकंद मला पुरतात. जेकब नील्सन या तज्ज्ञाने १९९३ सालीच लिहून ठेवले आहे, की दशांश सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्क्षणी वाटते, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांनंतर मन दुसरीकडे जाते. माझे मन आमटीकडे जात असे, ते उगाच नव्हे!

सासूबाईंचा डोळा श्रावणात झाला.

त्यांच्याकडे एक जुना, साधा मोबाईल आहे. बातम्या त्यावर वाचायच्या हा त्यांचा दुपारचा नेम. वर्षभर त्यांची तक्रार होती, की ओळी हलतात. वाचता वाचता बातमी एकदम खाली सरकते, आणि बोट ठेवावे बातमीवर तर उघडते गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. आम्ही सगळ्यांनी एकमताने मोतीबिंदूला दोष दिला होता. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने त्यांनी मोबाईल हातात घेतला, पाच मिनिटे वाचले आणि मला हाक मारली.

"अगं, दोन्ही डोळे लख्ख झाले. अक्षर न् अक्षर दिसतंय. पण ओळी हलतातच की!"

मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले. त्या म्हणत होत्या ते खरे होते. पानाचा मजकूर आधी येई, जाहिराती मागाहून धापा टाकीत येत आणि आल्यावर मजकुराला कोपराने ढकलून मध्ये जागा करून घेत. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, याचेही माप आहे. २०२० साली गूगलने संकेतस्थळांसाठी जी नवी मापे जाहीर केली त्यांत पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असे एक आहे, आणि मांडणी किती उड्या मारते याचे दुसरे, ते ०.१ च्या आत असावे. ही मापे लोकांच्या खऱ्याखुऱ्या मोबाईलवरून, त्यांच्या खऱ्या वाचनातून गोळा होतात, प्रयोगशाळेतून नव्हे. आणि मोबाईल स्वस्तातला असेल तर हाल अधिक. गूगलमधील ॲडी ओस्मानी यांनी २०१८ साली सी.एन.एन.च्या पानावरचे जावास्क्रिप्टचे काम मोजले होते. आयफोन-८ ला ते उरकायला चार सेकंद लागले, साध्या मोटो जी-४ ला तेरा.

हे मी सासूबाईंना माझ्या परीने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या डोळ्याचं काही नव्हतं तर."

"मोतीबिंदू होता की आई, तो काढला."

"तो होता गं. पण वर्षभर मला वाटत होतं, हे हलणं माझंच आहे." आणि चष्म्याचे रिकामे घर त्यांनी टेबलाच्या खणात ठेवून दिले.